नायटा जात नाही, पीसीआर करून घ्यावी का?

म्हापशाहून तुम्ही विचारलंय की पावसाळ्यापासून जांघेतला नायटा टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी घेऊनही हटत नाही, तर थेट पीसीआर, म्हणजे बुरशीचा डीएनए शोधणारी तपासणी, करावी का. माझं मत, आधी केओएच करा. डागाच्या कडेची, जिथे तो पसरत असतो तिथली साल खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या (केओएच) थेंबात ठेवतात. त्वचेच्या पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. स्वस्त तपासणी आहे, आणि निकाल बहुतेक त्याच दिवशी.

मात्र त्यातून बुरशीची जात कळत नाही. कल्चरला, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला, तीन-चार आठवडे लागू शकतात, आणि सध्या देशभर फोफावलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात कल्चरमध्ये तिच्या भावंडांसारखीच दिसते. तिला पकडायला पीसीआरने आयटीएस हा डीएनएचा तुकडा वाढवून त्याचा क्रम वाचावा लागतो. एसक्यूएलई जनुकात बदल झाला असेल तर ती टर्बिनाफिनला दाद देत नाही, तोही असाच तपासतात. तुमच्या बाबतीत खरा उपयोग इथे आहे: गोळी बदलायची का, हे ठरवायला.

पीसीआर मेलेल्या बुरशीचा डीएनएही दाखवते, त्यामुळे बरं झालं की नाही हे बघायला ती नको. कुठे होते ते बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग ओपीडीत विचारा.

आणि फार्मसीतून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावत असाल तर कृपा करून थांबवा. खाज कमी होते, बुरशी मात्र पसरत राहते. घरात आणखी कुणाला खाजत असेल तर त्यांनाही सोबत न्या.