वडिलांचं क्रिएटिनिन १.६ आहे आणि हार्टचे डॉक्टर अँजिओग्राफी सांगताहेत. किडनीचा हृदयाशी काय संबंध? करावी का?

संबंध इतका जवळचा आहे की त्यावरून मी आणि दादा चार वर्षं धड बोललेलो नाही.

आई ६८ची, अंगाने काटकुळी. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) १.३. रिपोर्टवर मर्यादा १.४ छापलेली, म्हणून दादाने 'नॉर्मल' म्हणत कागद फाईलला लावला, सलग दोन वर्षं. त्या वयाच्या बाईचा १.३ला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज, जेमतेम ४५ भरतो आणि तीन महिने ६०च्या खाली राहिला की त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात, हे नंतर कळलं. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या ११ लाखांवर लोकांचा अभ्यास छापून आलाय. ईजीएफआर ४५ ते ५९ असेल तर हृदयविकाराचा धोका १.४ पट, ३० ते ४४ला दुप्पट.

छातीत कळ आईला आलीच नाही. जिना चढताना धाप लागायची. दादा म्हणे, गॅस आहे, ओवा खा. शेवटी मी हट्टाने अँजिओग्राफी करवली. डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) सोडण्याआधीच पडद्यावर धमन्यांच्या कडा दिसत होत्या, इतकं कॅल्शियम साचलेलं. किडनी फॉस्फेट नीट बाहेर टाकत नाही, तेव्हा धमन्यांना असे क्षार धरतात. तिन्ही धमन्या अरुंद. बायपास झाली.

डायनंतर क्रिएटिनिन १.९वर गेलं, आठवड्यात १.४वर आलं. पण दादाचं पालुपद एकच: "तुझ्या अँजिओग्राफीने आईची किडनी घालवली." आणि गुडघ्यांसाठी आठ वर्षं चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅकच्या, म्हणजे किडनीला बाधणाऱ्या पेनकिलरच्या, पट्ट्या कोण आणत होतं? अँजिओग्राफीच्या आधीचे रिपोर्ट वाचायला चष्मा सापडत नाही त्याला.

मी डॉक्टर नाही. डायचा धोका खोटा नाही, १.६ला तर विचाराच: डाय किती लागेल, आधी सलाईन लावणार का, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर थांबवायची का. वडिलांचं वय आणि त्रास तुम्ही लिहिलाच नाही. अ‍ॅटॅक आलेला असेल तर थांबू नका. तब्येत स्थिर असून ईजीएफआर ३०च्या खाली असेल, तर मात्र २०२०च्या एका मोठ्या चाचणीत अँजिओग्राफीचा मार्ग नुसत्या औषधांपेक्षा सरस ठरला नाही. (हे दादाला सांगितलेलं नाही.)

लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, तेही तपासून घ्या. आणि वडिलांचा गोळ्यांचा डबा आजच उघडून बघा, पेनकिलर कोण आणून देतं तेही विचारा.