गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंगला जाताना बर्फाचा अंदाज कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून दोन कुटुंबं, सगळे नवशिके, नाताळच्या सुट्टीत गुलमर्ग. अजून तीन आठवडे आहेत, पण मोबाइलवर २६ डिसेंबरला बर्फाचं चिन्ह दिसतंय. तर तिकिटं काढून टाकावीत का?

त्या चिन्हाच्या भरवशावर तरी काढू नका. तीन आठवड्यांनी अमुक तारखेला अमुक डोंगरावर बर्फ पडेल की नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही. ॲपला रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे काहीतरी चिन्ह येतं, एवढंच. पिंपळगावला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. फवारणी आज की परवा, हे ठरवायला ते तीन-चार दिवसांचा अंदाज बारकाईने बघतात, आठवड्याचा नुसता कल म्हणून बघतात, आणि त्यापुढचं कुणी दाखवलं तर हसतात. बर्फाच्या बाबतीतही मी हाच हिशेब ठेवतो.

काश्मीरमधला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी झंझावातांतून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली इराण-अफगाणिस्तानवरून येऊन हिमालयाला अडतात. एखादी आली की एक-दोन दिवस बर्फ पडतो, मग पुढची येईपर्यंत कोरडं. ती पुढे सरकली की मागून उत्तरेचे गार वारे उतरतात आणि बरेचदा त्यानंतरच आपल्याकडे निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते.

म्हणून तिकिटं हंगाम बघून काढायची आणि अंदाज वापरायचा तो तिथे गेल्यावर कुठला दिवस कशात घालवायचा, हे ठरवायला. चिल्लई कलान हा कडाक्याच्या थंडीचा ४० दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. म्हणजे नाताळात हंगामाची जेमतेम सुरुवात झालेली असते. बर्फ पडलेला असेलही, पण घसरायला लागतो तो खाली दबून बसलेला जाड थर, आणि तो दोन-तीन झंझावात होऊन गेल्याशिवाय तयार होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार भर चिल्लई कलानमध्ये तपकिरी होते. बर्फ महिनाअखेरीस आला आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे २१ ते २५ फेब्रुवारीला पार पडल्या. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, त्याच स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून ९ ते १२ मार्चवर ढकलाव्या लागल्या. खात्री कुणाचीच नाही, पण मला विचाराल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य धरा. मुलांच्या शाळेतून चार-पाच दिवसांची रजा काढावी लागेल, ती काढा.

आता प्रत्यक्ष अंदाज. सगळ्यात आधी बघायची ती उंची. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, गुलमर्गचं मैदान २,६५० वर, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदूरीला ३,१०० च्या आसपास, आणि दुसरा अफरवटला ३,९०० च्याही वर. साधं ॲप ‘गुलमर्ग’ म्हणून एकच आकडा देतं, आणि तो यांपैकी कुठला हे सांगत नाही. पायथा, मध्य आणि माथा असे तीन वेगळे रकाने देणारी, डोंगरांसाठीची संकेतस्थळं असतात, ती वापरा. त्यात ‘फ्रीझिंग लेव्हल’ अशी एक ओळ असते. म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य होतं ती. बर्फ त्याच्या खाली दोन-तीनशे मीटरपर्यंत तग धरतो. समजा ती ३,००० दाखवतेय, तर अफरवटवर झकास बर्फ आणि तुम्ही जिथे शिकणार त्या मैदानावर ओला चिखलबर्फ, नाहीतर सरळ पाऊस. चिन्ह मात्र दोन्हीकडे बर्फाचंच असू शकतं.

अंदाज मिलिमीटरमध्ये असेल तर ढोबळमानाने १ मिमी पाण्याचा १ सेंमी बर्फ धरा. कडक थंडीत तो जास्त फुलतो, शून्याच्या आसपास कमी भरतो.

पण नवशिक्यांसाठी ‘४० सेंमी ताजा बर्फ’ ही काही आनंदाची बातमी नाही. गुडघाभर भुसभुशीत बर्फात पहिल्या दिवशी स्की वळतच नाहीत, माणूस नुसता पडतो आणि उठतो. तुम्हाला हवा तो दिवस म्हणजे बर्फ पडून गेल्यानंतरचा दुसरा-तिसरा, स्वच्छ, उतार दाबून सपाट झालेला. त्यातही वेळ बघा. रात्री आकाश निरभ्र असेल तर सकाळी पृष्ठभाग काचेसारखा कडक असतो, स्कीची कड टेकवली की खरखर आवाज येतो आणि पकड मिळत नाही. ऊन चढलं की वरचा बोटभर थर सैल होतो आणि तेव्हा शिकायला मजा येते. फेब्रुवारीच्या उन्हात दुपारनंतर तोच बर्फ पाणचट होऊन पाय ओढायला लागतो. प्रशिक्षकाची वेळ ठरवताना हे डोक्यात ठेवा.

वाऱ्याचा रकाना बहुतेक जण बघतच नाहीत. जोराचा वारा असला की गोंडोला बंद राहतो, विशेषतः दुसरा टप्पा. मोठ्या बर्फवृष्टीनंतर हिमस्खलनाच्या भीतीनेही वरचा भाग बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची चंदीगडची संस्था देते, ते स्थानिक बातम्यांत येतात. आखलेल्या उताराबाहेर, गाइडशिवाय, कुणाच्याही आग्रहाखातर जाऊ नका. तुमच्या सगळ्या गटाचं काम मैदानावरच्या सोप्या उतारांवर भागतं. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट मिळालं नाही म्हणून हळहळू नका.

राहिला प्रवास. बर्फ पडला की गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्गच्या पुढे चाकांना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच सोडतात. श्रीनगरची विमानं बर्फात आणि धुक्यात रद्द होतात, म्हणून मुंबई किंवा दिल्लीहून पुढचं तिकीट त्याच दिवसाचं ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. निघण्याआधी चार दिवस श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज बघा आणि हॉटेलवाल्याला फोन करून ‘बर्फ आहे का’ असं विचारू नका, तो ‘आहे’ च म्हणणार. शिकाऊ उतारावर आज किती फूट आहे आणि आज सकाळचा व्हिडिओ पाठवाल का, असं विचारा.

डिसेंबरची सुट्टी बदलणं अगदीच शक्य नसेल, तर जरूर जा, पण मुलांना ‘काश्मीर बघायला चाललोय’ असं सांगून न्या.