जांभ्यात आणि खाजणात एकच केबल
जमिनीखालची वीजकेबल जांभ्यातून गेली काय नि खाजणातून (खाऱ्या दलदलीतून) गेली काय, सर्जची, म्हणजे विजेच्या फटक्याने उसळलेल्या जादा व्होल्टेजची लाट आतला कंडक्टर आणि त्याभोवतीचं धातूचं आवरण, म्हणजे स्क्रीन, यांच्यामधूनच धावते; तिच्या वेगाला मातीचं फारसं सोयरसुतक नसतं. माती आडवी येते ती अर्थिंगमध्ये. रत्नागिरी-देवगडकडचा सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, मे महिन्यात ठणठणीत कोरडा, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. म्हणून अर्थ रेझिस्टन्स मेमध्येच मोज, श्रावणातला आकडा बघून खूश होऊ नकोस.

खरी मेख ओव्हरहेड लाइन केबलला मिळते त्या खांबावर. लाइनचा सर्ज इंपिडन्स (लाटेला होणारा अडथळा) 400 ओहम, केबलचा 40 धरला तर पहिल्या फटक्यात आत जेमतेम 18 टक्के व्होल्टेज शिरतं. हे ऐकून लोक निर्धास्त होतात! पण पलीकडे ट्रान्सफॉर्मर असेल तर लाट तिथे जवळपास दुप्पट होऊन परतते, आणि केबल आखूड असली की येरझाऱ्या घालत चढत जाते. अरेस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज जमिनीत वळवणारं उपकरण, टर्मिनेशनलाच (केबल संपून लाइनला जुळते त्या टोकालाच) बसव, जमलं तर दोन्ही टोकांना. त्याची अर्थची तार आखूड, सरळ, आणि केबलचा स्क्रीन तिथेच जोडलेला. वेटोळं करून लटकवलेली तार दिसली की माझं डोकं फिरतं.

टर्मिनेशनवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो. ओल धरली की त्यावरून ट्रॅकिंग, म्हणजे पृष्ठभागावरून वीज सरपटून जळके माग पडणं, सुरू. पावसाआधी पुसून घे, अर्थात लाइन बंद करून, अर्थ लावूनच.