एकच गेम सिरीज एसवर ३० आणि पीएस५वर ६० एफपीएस का? दोष इंजिनाचा की कन्सोलचा?

तुम्ही लिहिलंय, कोपरखैरण्याला तुमच्या एक्सबॉक्स सिरीज एसवर गेम ३० एफपीएसच्या (सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे फ्रेम) वर जात नाही, ऐरोलीत मित्राच्या पीएस५वर तोच ६०ला पळतो. आणि वाशीचा दुकानदार म्हणतो इंजिन (गेम ज्यावर बनतो ते सॉफ्टवेअर) जड आहे, त्यात मे महिन्याची गरमी.

गरमीचं डोक्यातून काढा. सिरीज एसचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, ठरलेला असतो आणि पीएस५चा कामाच्या भारावर बदलतो, खोलीच्या तापमानावर नाही. गरमीत पंखा ओरडेल, फारच तापलं तर मशीन बंद पडेल, पण ६०चे ३० होत नाहीत.

इंजिनाबद्दल मात्र दुकानदार अर्धा बरोबर आहे. ६० एफपीएसला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सीपीयूने (मुख्य प्रोसेसर) फिजिक्स, एआय, अ‍ॅनिमेशन उरकायचं आणि जीपीयूने (चित्र काढणारी चिप) प्रकाश, सावल्या रंगवायच्या. व्ही-सिंक (फ्रेम टीव्हीच्या ठेक्यावरच दाखवणारी सोय) चालू असेल आणि १७ लागले, तर फ्रेम थेट ३३.३ला दिसते. ठाणे लोकल अर्ध्या सेकंदाने चुकली तरी पुढचीच धरावी लागते, तसं. हे सारखं होणार असेल तर डेव्हलपर सरळ ३०ला लॉक करतात. ते बरंच, कारण ३० आणि ६०मध्ये हेलकावे डोळ्यांना जास्त टोचतात.

इंजिन एकच असलं तरी हिशेब मशीनगणिक बदलतो. डूम (२०१६) हा गेम पीएस४वर ६०ला चालतो, निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर ३०ला. अनरियल ५ या इंजिनातलं ल्युमेन (प्रकाश दाखवणारी यंत्रणा) 'एपिक' दर्जाला ३० एफपीएस धरून बनवलंय, 'हाय'ला ६०. कुठला दर्जा निवडायचा हे स्टुडिओ ठरवतो, इंजिन नाही.

तुमच्या दोन मशीनांत सीपीयू जवळपास सारखाच, एएमडीच्या झेन २ बनावटीचा, ८ कोअरचा. फरक जीपीयूत: सिरीज एसचा ४ टेराफ्लॉप (हिशेब करण्याच्या ताकदीचं माप) विरुद्ध पीएस५चा १०.२८. मेमरीही १० जीबी विरुद्ध १६. म्हणून संशय जीपीयू आणि मेमरीवरच. गेमच्या मेनूत परफॉर्मन्स मोड (चित्राचा दर्जा कमी करून वेग वाढवणारा पर्याय) असेल तर लावून बघा. रिझोल्यूशन उतरून एफपीएस वाढले, तर जीपीयूच अडत होता. काहीच फरक नाही आणि गर्दीच्या चौकातच अडखळतं, तर सीपीयू. मग त्याच जागी मित्राचा पीएस५ही अडखळायला हवा, तिथे जाऊन बघा. मोडच नसेल तर स्टुडिओने ३०ला लॉक केलंय, तुमच्या हातात काही नाही.

४० एफपीएसचा मोड दिसला तर सोडू नका. २५ मिलिसेकंद म्हणजे वेळेच्या हिशेबात ३० आणि ६०च्या बरोबर मध्ये. त्याला १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) टीव्ही लागतो, कारण ६०ला ४०ने भाग जात नाही. केबल टीव्हीच्या १२० हर्ट्झवाल्या एचडीएमआय पोर्टातच लावा, बऱ्याच टीव्हींत सगळे पोर्ट तसे नसतात. मग एक्सबॉक्सच्या सेटिंग्ज, जनरल, टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्समध्ये रिफ्रेश रेट १२० करा.