बेळगावात चार लाखांत ऑफिस भारी दिसेल का?

दिसेल, पण तुमची यादी अर्धी खोडावी लागेल. तुम्ही कळवलंय ते असं: टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर भाड्याचा 400 चौरस फुटांचा गाळा, करसल्लागाराचं ऑफिस, बसणारी माणसं सहा, आणि यादीत पीओपीचं सीलिंग, भिंतींना सागवानी व्हिनिअर (प्लायवर चिकटवायचा खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), इटालियन मार्बलचा काउंटर. चार लाखांत हे सगळं करायला गेलात तर एकेक वस्तू हलक्या मालाची होईल. शिवाय छताला आणि भिंतीला चिकटवलेलं गाळा सोडताना सहसा तिथंच राहतं.

मी इथंच इंटिरियरची कामं घेतो. माझं म्हणणं असं, की बेळगावात लाकडाचा हट्ट सोडून लोखंडाकडं वळा. खानापूर रोडनं थोडं पुढं गेलात की उद्यमबाग. फाउंड्री, मशिन शॉप, त्यांच्या आधारानं वाढलेले लेझर कटिंगवाले, बेंडिंगवाले, पावडर कोटिंगवाले (लोखंडावर रंगाची पूड चढवून भट्टीत भाजणारे), सगळे हाकेच्या अंतरावर. मॉडर्न ऑफिसचे जे फोटो तुम्ही बघताय, त्यांत डोळ्यांत भरते ती बारीक काळी लोखंडी चौकट. तिच्यासाठी पुण्या-मुंबईचा कॅटलॉग लागत नाही. 40 बाय 40 मिलिमीटरचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप, वर 18 मिलिमीटर प्लायचा टॉप, मॅट सनमायका, झालं टेबल. उंची साडेएकोणतीस-तीस इंच.

फक्त फॅब्रिकेटरशी नीट बोलून घ्या. तिथल्या मंडळींचा हात ट्रॉल्या, रॅक, मशिनचे स्टँड बनवण्यात बसलेला. वेल्डिंग मजबूत करतील, पण सांधा उघडा ठेवतील, कारण कारखान्यात तो कुणी बघत नाही. सांधे घासून सपाट हवेत, हे ऑर्डर देतानाच सांगा आणि कोटिंगला जाण्याआधी स्वतः जाऊन बोट फिरवून बघा. खड्ड्यांत साधी पुट्टी भरू देऊ नका. पावडर कोटिंगची भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर चालते, त्यात ती तडकते. आणि कोटिंगवाल्याची भट्टी केवढी आहे ते आधी विचारा. सलग मोठी चौकट आत गेली नाही, तर ती पुन्हा कापावी लागते. त्यापेक्षा सगळं नटबोल्टचं करा. तुमच्या जिन्याच्या वळणावरून वर जाईल, आणि उद्या गाळा बदलला तर सुटंही होईल.

केबिनचं पार्टिशनही याच पद्धतीनं करा. नुसत्या काचेच्या, चौकट नसलेल्या पार्टिशनला 12 मिलिमीटरची टफन्ड काच आणि महागडी फिटिंग लागतात. बारीक लोखंडी चौकटीत त्याहून पातळ टफन्ड काच चालते, आणि दिसतेही जास्त देखणी. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून चौकट जागेवर बसवून मगच माप द्या. तुमच्याकडं लोक पैशाचं बोलायला येणार. तेव्हा काच उभ्या रेघांची घ्या, म्हणजे आतलं धूसर दिसेल, आणि पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत न्या, नाहीतर केबिनमधलं सगळं बाहेर ऐकू येईल.

सीलिंग करूच नका. स्लॅब आणि वायरिंगचे पाइप एकाच रंगात रंगवा, खाली ट्रॅक लाइट (पट्टीवर सरकवता येणारे दिवे). वाचलेले पैसे चांगल्या दिव्यांवर घाला. आपल्याकडं सवयीनं 6500 केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर) पांढरेफटक दिवे लावतात, त्यात महागातलं ऑफिसही औषधाच्या दुकानासारखं दिसतं. कामाच्या टेबलांवर 4000, वेटिंगला 3000, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या आसपास. एकाच नजरेत दोन छटांची सरमिसळ नको.

लाकूड हवंच असेल तर एकाच जागी वापरा. तुमच्या टेबलाचा दर्शनी भाग व्हिनिअरचा करा, बाकी सगळीकडं सनमायका. तिथं कंजूषपणा करायचा नाही तो कडांना. कडेची पट्टी मशिननं दाबलेली, 2 मिलिमीटर जाडीची घ्या. हातानं चिकटवलेली पातळ पट्टी सुटायला लागते आणि मग सगळं फर्निचर स्वस्तातलं वाटतं. काउंटरला मार्बलऐवजी लेदर फिनिशचा (चामड्यासारखा किंचित खरखरीत) कडप्पा दगड बघा.

पावसाचं विसरू नका. जून ते सप्टेंबर बेळगावात भिंती ओल धरतात. ओल्या भिंतीवर पॅनेलिंग म्हणजे बुरशीला घर. आधी ओल कुठून येते ते शोधा, खर्च घरमालकाच्या गळ्यात घालता आला तर उत्तमच. कपाटं भिंतीपासून अर्धा इंच सुटी ठेवा. प्लाय आयएस 303 या मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) घ्या. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो, पण पाणी लागलं की फुगतो. फरशी फोडू नका, वरून क्लिकचं एसपीसी फ्लोअरिंग (दगडाची पूड आणि प्लॅस्टिकच्या, एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या) टाका. ते उचलून नेता येतं. दारं मात्र खालून थोडी तासावी लागतील.

खुर्च्या नव्या कशाला? पुण्या-बेंगळूरूच्या कंपन्या ऑफिसं बदलतात तेव्हा चांगल्या ब्रँडच्या खुर्च्या जुन्या बाजारात येतात. आपण दोन्ही शहरांच्या हायवेवरच आहोत, ट्रान्सपोर्टची अडचण नाही. बसून गॅस लिफ्ट हळूहळू खाली येते का ते तेवढं बघा. वेटिंगच्या टेबलावर प्लॅस्टिकची फुलं ठेवण्यापेक्षा गोकाकची लाकडी फळं ठेवा. येणारा प्रत्येक जण ती हातात घेऊन बघतो.

चाळीसेक हजार आधीच बाजूला काढा. वायरिंग उघडली की काहीतरी निघतंच.

शेवटी पाटी. कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड, तीही वरच्या बाजूला, सक्तीची आहे. मराठी आणि इंग्रजी उरलेल्या जागेत. तुम्हाला-मला काय वाटतं तो विषय वेगळा, पण धातूची कापलेली अक्षरं पुन्हा करायची म्हणजे खर्च दुप्पट. म्हणून मांडणी आधी कागदावर करून घ्या, आणि कटिंगला देण्यापूर्वी कन्नड मजकूर एखाद्या कन्नड जाणणाऱ्याला दाखवा. फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेली आणि फॉन्ट बदलला, की जोडाक्षरं तुटतात.