अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या रिझर्वेशनमधल्या (राखीव प्रदेशातल्या) शाळांवर कायद्याने नक्की सत्ता कोणाची, जमातीची, राज्याची की केंद्राची?

शाळेवर पाटी कुठली आहे त्यावर ठरतं. मी ॲरिझोनाच्या बाजूला एका ग्रँट स्कूलमध्ये गणित शिकवायचे. तिथे पैसा वॉशिंग्टनहून, ब्युरो ऑफ इंडियन एज्युकेशन या अमेरिकन आदिवासींच्या शाळा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याकडून येतो, पण 1988 च्या कायद्यामुळे कारभार गावातल्या नवाहो बोर्डाकडे. काही शाळा ब्युरो स्वतःच चालवतो. आणि पब्लिक, म्हणजे राज्याच्या सरकारी शाळेत पोरं नवाहो, बोर्डावर पण बहुतेक नवाहोच, तरी परीक्षा आणि शिक्षकांचं लायसन्स राज्याचं.

आमच्याकडे बाहेरून एक कन्सल्टंट आले, वर्षाचं तयार वेळापत्रक घेऊन, त्यात बोटांत दोरा अडकवून आकृत्या करायच्या खेळातून भूमिती शिकवायचं युनिट एप्रिलमध्ये. हे खेळ नवाहो लोक फक्त हिवाळ्यात खेळतात, कोयोटच्या (कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या) गोष्टी पण तेव्हाच सांगतात, म्हणून माझ्या वर्गातल्या असिस्टंट बाईंनी तोंडावर सांगितलं की आत्ता नाही. हे साहेब म्हणे परीक्षेआधी तोच आठवडा मोकळा आहे. मॅटर गेलं बोर्डात. मीटिंग निम्मी नवाहो भाषेत, कॉफीवर कॉफी, बजेटवर तासभर डोकेफोड, आणि मग बोर्डावरच्या एका आजींनी त्यांना एवढंच विचारलं, "तुमच्याकडे जानेवारी नसतो का?" झालं, युनिट जानेवारीत गेलं. मला तर जमातीची सत्ता म्हणजे काय ते त्या दिवशी दिसलं.

हे मी आमच्या थोरल्या दिरांना फोनवर कौतुकाने सांगितलं तर म्हणाले, पैसा सरकारचा मग बोर्डाची मिजास कशाला? अहो, ती भीक नाहीये! बोस्क रेडोंडोच्या कैदेतून सुटताना 1868 च्या करारात नवाहोंनी केवढ्या जमिनीवर पाणी सोडलं, बदल्यात दर 30 मुलांमागे एक शाळा आणि शिक्षक कबूल झाला. मुदत किमान दहा वर्षांची होती, पण तेवढीही सरकारने धड पाळली नाही. वर बोर्डिंग शाळांत पोरांचे केस कापले, आपली भाषा बोललं की शिक्षा. म्हणून तर 1966 मध्ये रफ रॉकला लोकांनी शाळा स्वतःच्या हातात घेतली आणि 1968 मध्ये स्वतःचं कॉलेज काढलं.

तुम्ही कायद्याचं विचारलंय, तर 2005 मध्ये जमातीने स्वतःचा शिक्षण कायदा करून आपलं बोर्ड ऑफ एज्युकेशन आणि शिक्षण खातं उभं केलं, पण पब्लिक शाळांवर राज्याचा हात वरच राहतो. युटा राज्यातली केस वाचाच. तिथला सॅन हुआन डिस्ट्रिक्ट (पब्लिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था) म्हणत होता की नवाहो माउंटन या वस्तीची पोरं रिझर्वेशनवर राहतात, त्यांना शिकवणं आमचं काम नाही. 1995 मध्ये फेडरल कोर्ट म्हणालं, जबाबदारी चौघांचीही: डिस्ट्रिक्ट, राज्य, केंद्र आणि जमात. जबाबदारी चौघांची पण शेवटचा शब्द कोणाचा, हे भांडण अजून मिटलेलं नाही.

मी वकील नाही हां. आणि स्थानिक बोर्डात भाऊबंदकी, नोकऱ्यांचं राजकारण चालतं, ते पण पाहिलंय. आपल्या झेडपीत काय वेगळं असतं? तिचा निधी मुंबईहून येतो म्हणून दीर कधी गप्प बसलेत का, दोन टर्म मेंबर होते ते. ही लिंक फॅमिली ग्रुपवर टाकतेय.