सीए ऑफिसची एक्सेल आणि घरातलं लिनक्स

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यापासून सपना-संगीता रोडवरच्या एका सीए ऑफिसात शिकायला जाणार. लॅपटॉपवर विंडोज 10 आहे, 11 चढत नाही. तिचा मामा म्हणतो, लिनक्स टाक, फुकट आहे. टाकावं का?
– एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

ताई, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा मामांचं म्हणणं वावगं नाही. पण विंडोज पुसू नका. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, आणि तिचा लिनक्स मिंट हा प्रकार जुन्या लॅपटॉपवर चांगला चालतो. गाडी अडते ती ऑफिसातून येणाऱ्या फाइलींपाशी.

लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवर वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं फुकट सॉफ्टवेअर) एक्सेलची फाइल उघडते. व्हीलुकअप, पिव्होट टेबल ही एक्सेलची नेहमीची साधनंही चालतात. पण नावाच्या शेवटी एक्सएलएसएम (.xlsm) असेल तर फाइलीत मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, आहेत असं समजा. ते काही चालतात, काही मधेच बंद पडतात. आयकर रिटर्नची एक्सेल युटिलिटीही मॅक्रोवरच चालते. पॉवर क्वेरीने (बाहेरून डेटा ओढून आणणाऱ्या एक्सेलच्या सोयीने) आणलेला डेटा तर तिथे रिफ्रेशच होत नाही. फाइल नीट उघडते, आकडे मात्र मागच्या महिन्याचे असतात, आणि एरर कुठेच दिसत नाही. शिकाऊ मुलीला हे महागात पडेल. हिशेबाचं टॅलीप्राइमही विंडोजसाठीच बनतं. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर) घालून चालवायचे प्रयोग निदान मार्चअखेरीला नकोत.

वर्डचं तेवढं अवघड नाही. कॅलिब्री फॉन्टच्या जागी त्याच मापाचा कार्लिटो येतो, पानं फारशी हलत नाहीत. कृतिदेवमधलं हिंदी पत्र मात्र तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं.

8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. लिब्रेऑफिस त्यात असतंच. ऑफिसकडून कोरे फॉरमॅट मागा (क्लायंटची माहिती घरी आणू नये), भरा, सेव्ह करा आणि ऑफिसच्या एक्सेलमध्ये पुन्हा उघडून बेरजा ताडा.

मग एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट शेजारी-शेजारी ठेवा. आधी बॅकअप. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा, नाहीतर पुढे विंडोज उघडताना कुलूप लागू शकतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मिंटसाठी 50 जीबी मोकळी करा आणि तिथे मिंट टाका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर लिनक्समधून विंडोजच्या भागात फाइल सेव्ह होत नाही. मेल आणि बँक लिनक्सवर, टॅली-एक्सेल विंडोजवर, तेही शक्यतो नेट बंद ठेवून.

मुलगी बीसीएला असती, तर मी मामांच्या बाजूने उभा राहिलो असतो.